मुलाच्या दाढेत पू आणि पूर्ण भूल: पालकांनी कोणत्या क्रमाने काय करायचं

गोव्यात मुलांच्या दातांचं काम पूर्ण भूल देऊन जिथे होतं, अशा एका विभागात मी पालकांना ऑपरेशनच्या आधीच्या सूचना देते. सकाळी ठरलेलं काम रद्द होतं तेव्हा कारण सहसा थिएटरमध्ये नसतं, घरात असतं. मुलाला काहीतरी खाऊ घातलेलं असतं, आठवड्यापूर्वीचा खोकला सांगितलेला नसतो, सही करायला आई-बाबांपैकी कुणी आलेलं नसतं. कितीतरी मुलं तर ऑपरेशनच्या तारखेपर्यंत पोचतच नाहीत. अँटिबायोटिकने सूज उतरते आणि घरच्यांना वाटतं, झालं.

सूज उतरते तिथे खरं काम सुरू होतं. म्हणून खालचा क्रम नीट वाचा. तुमच्या डॉक्टरांनी लेखी सूचना दिल्या असतील आणि त्या यापेक्षा वेगळ्या असतील, तर त्यांच्याच पाळा.

टप्पा १: आत्ता निघायचं की सकाळी, हे आधी ठरवा

हिरडीवर दाढेच्या मुळाशी भाताच्या शितासारखी पांढरट पुळी आली आहे, मूल खेळतं-जेवतं आहे, ताप नाही. अशा मुलाला दुसऱ्या दिवशी दंतवैद्याकडे न्या. दुखत नाही म्हणून दोन महिने थांबू नका. पुळीतून पू बाहेर येतो, आतला दाब कमी होतो, म्हणून दुखायचं थांबलेलं असतं. किडलेली दाढ आहे तशीच असते.

गाल सुजला तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि पुढच्यातलं एक जरी लक्षण दिसलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघायचं:

- सूज डोळ्याच्या खालच्या पापणीपर्यंत चढली आहे, डोळा मिटत चालला आहे
- सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरली आहे किंवा जीभ वर उचलल्यासारखी दिसते
- तोंड उघडत नाही, लाळ गिळता येत नाही, ती बाहेर गळते
- आवाज घोगरा, बोबडा झाला आहे, श्वासाला आवाज येतो, मूल आडवं पडायला तयार नाही
- ताप जास्त आहे आणि मूल मलूल आहे, हाक मारल्यावर नीट बघत नाही

वरच्या दाढांचा पू डोळ्याकडे आणि खालच्या दाढांचा जबड्याखाली, गळ्याकडे पसरू शकतो. गळ्याकडची सूज श्वासनलिका दाबते. अशा वेळी १०८ ला फोन करा. म्हापसा किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ, फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ), यांतलं जे लवकर गाठता येईल तिथे जा. तुमच्या नेहमीच्या दंतवैद्याचं क्लिनिक उघडायची वाट पाहू नका.

इशारा: निघायच्या क्षणापासून डॉक्टर तपासेपर्यंत मुलाच्या तोंडात काही घालू नका. शेवटचं काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, हे कागदावर लिहून घ्या. तातडीने भूल द्यावी लागली तर पहिला प्रश्न हाच येतो, आणि घाबरलेल्या आईला त्या वेळी ते आठवत नाही.

घरी काय करायचं नाही, तेही सांगते, कारण यातला प्रत्येक प्रकार मी पाहिला आहे. गालावर गरम शेक देऊ नका, फडक्यात गुंडाळलेल्या विटेचाही नको. शेकाने पू गालाच्या कातडीकडे सरकू शकतो. सुईने पुळी फोडू नका. दाढेत फेणीचा बोळा, मशेरी किंवा लवंगेचं तेल घालू नका. लहान मूल ते गिळतं आणि तोंडाची आतली कातडी भाजते ती वेगळीच. ॲस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही, आणि कुठलीही गोळी कुटून हिरडीला लावायची नाही.

टप्पा २: औषध बरोबर द्या, आणि सूज उतरल्यावर थांबू नका

मुलांचं अँटिबायोटिक बहुधा भुकटीच्या बाटलीत येतं. बाटलीवर बाणाची किंवा रेघेची खूण असते. उकळून गार केलेलं पाणी आधी अर्ध्यापर्यंत घाला, झाकण लावून जोरात हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत पाणी भरा. पहिल्यांदाच खुणेपर्यंत भरलं तर फेस बसल्यावर पातळी खाली येते, औषध घट्ट राहतं आणि प्रत्येक मापात डोस जास्त जातो. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची का आणि किती दिवसांनी टाकून द्यायची, हे लेबलवर छापलेलं असतं. प्रत्येक वेळी हलवून द्या. घरातला चमचा वापरू नका, बाटलीबरोबर आलेलं माप किंवा सिरिंज वापरा.

तापाच्या आणि दुखण्याच्या औषधात सर्वात जास्त गोंधळ होतो. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. १५ किलोच्या मुलाला एका वेळी १५० ते २२५ मिलिग्रॅम लागतात. एका सिरपच्या ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असतात, दुसऱ्याच्या ५ मिलीत २५०. बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर १ मिलीतच १०० असतात. शेजारच्या घरातली बाटली आणली आणि आपल्या मापाने दिली, की डोस सरळ दुप्पट होतो. म्हणून चिठ्ठीवर किती मिली एवढंच नको, कुठल्या ताकदीचं सिरप तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. घरात निमेसुलाइड पडलेलं असेल तर ते १२ वर्षांखालच्या मुलाला देऊ नका. भारतात त्या वयासाठी त्यावर २०११ पासून बंदी आहे.

तपासून घ्या: औषध सुरू करून ४८ तास झाले, तरी सूज कमी होत नाही किंवा वाढते आहे? डोस संपायची वाट न बघता परत दाखवा.

आता या टप्प्यातली मोठी चूक. सत्तरी तालुक्यातली एक मुलगी आमच्याकडे आली होती, साडेचार वर्षांची. सूज तिसऱ्या दिवशी उतरली, ऑपरेशनची तारीख दहा दिवसांनी होती. घरचे आलेच नाहीत. चवथ झाली, दिवाळी झाली, आणि एका पहाटे तिला परत आणलं तेव्हा उजवा डोळा पूर्ण मिटला होता. आईच्या पिशवीत पहिली चिठ्ठी तशीच घडी करून ठेवलेली होती. मुलगी बरी झाली, पण सलाईनमधून औषध घेत तिला पाच दिवस राहावं लागलं आणि जो दात वाचला असता तो काढावा लागला.

असं का होतं, ते समजून घ्या. दाढेच्या आतली नस मेली की तिथला रक्तपुरवठा संपतो. अँटिबायोटिक रक्तातून जातं, म्हणून ते दाढेच्या पोकळीत पोचत नाही. आसपासच्या मांसात पसरलेला पू ते आटोक्यात आणतं. जंतूंचं घर मात्र दाढेत शाबूत राहतं. ते रूट कॅनल करून साफ तरी करावं लागतं किंवा दाढ काढावी तरी लागते. तिसरा उपाय नाही.

आणि "दुधाचा दात आहे, पडणारच की" हे ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं. दुधाची शेवटची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असते. तिच्या मुळाशी कायमचा दात घडत असतो, आणि वर सतत पू राहिला तर त्याच्यावरचं आवरण कच्चं, डागाळलेलं होऊ शकतं. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ येते ती कायमची असते. कुठलाही दात न पडता ती येते, म्हणून कित्येक पालक तिला दुधाचीच समजतात.

टप्पा ३: तारीख घेताना विचारायचे प्रश्न

प्रत्येक किडलेल्या दाताला पूर्ण भूल लागत नाही. मूल फार लहान आहे, एकाच वेळी आठ-दहा दात करायचे आहेत, मुलाला स्वमग्नता किंवा दुसरी विशेष गरज आहे, किंवा सूज इतकी आहे की तोंड उघडत नाही, अशा वेळी डॉक्टर ती सुचवतात. पू झालेल्या जागी सुईची भूल नीट लागत नाही, हेही एक कारण असतं. तुमच्या मुलासाठी यातलं कुठलं कारण आहे, हे स्पष्ट विचारा. मग पुढचे प्रश्न:

१. भूल कोण देणार? दात करणारे डॉक्टर वेगळे आणि भूल देणारे भूलतज्ज्ञ वेगळे हवेत, आणि भूलतज्ज्ञ काम संपेपर्यंत मुलाजवळच हवेत.

२. ऑक्सिजन, मॉनिटर आणि शुद्धीवर येईपर्यंत मुलाला ठेवायची खोली आहे का? नुसत्या डेंटल क्लिनिकच्या खुर्चीत पूर्ण भूल देऊ म्हणत असतील तर थांबा आणि दुसरीकडे विचारा.

३. कुठले दात वाचवणार, कुठले काढणार? झोपल्यावर एक्स-रे निघतो आणि बेत बदलू शकतो. जास्त दात काढावे लागले तर चालेल का, हे तुम्हाला आधीच विचारलं जाईल. घरी बोलून ठेवा.

४. सगळं एकाच वेळी होईल ना?

चौथ्या प्रश्नाबद्दल थोडं. भुलीने मुलाच्या मेंदूवर परिणाम होतो, असा निरोप फोनवर फिरतो आणि आया घाबरून येतात. त्यामागचं खरं असं: अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली इशारा दिला, तो तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांपेक्षा जास्त वेळ दिलेल्या भुलीबद्दल. एकदाच दिलेल्या थोड्या वेळाच्या भुलीने असं नुकसान झाल्याचं नंतरच्या मोठ्या अभ्यासात दिसलं नाही. म्हणूनच सगळे दात एका बैठकीत करतात, म्हणजे परत भूल द्यायची वेळ येत नाही. गळ्याकडे पसरणाऱ्या पुवाचा धोका मात्र समोर उभा असतो. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून डॉक्टरांशी बोला.

बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आणि गोमेकॉ या दोन वेगळ्या संस्था आहेत. तपासणी कुठे, भरती कुठे, ऑपरेशन कुठे, हे इमारतीच्या नावासकट लिहून घ्या. काणकोणहून किंवा पलीकडून दोडामार्ग-सावंतवाडीहून येणारे लोक चुकीच्या दारात तासभर घालवतात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कार्ड असेल तर तुमचं हे काम त्यात बसतं का, याची चौकशी तारीख घेतानाच करा.

टप्पा ४: भूलतज्ज्ञांची तपासणी, आणि खरं सांगणं

मुलाचं वजन, रक्त, छाती, घसा, तोंड किती उघडतं, हे सगळं इथे पाहतात. लसीचं कार्ड, जुने कागद आणि चालू असलेल्या औषधांच्या बाटल्या घेऊन जा, किंवा लेबलांचे फोटो तरी. पुढच्या गोष्टी त्यांनी विचारल्या नाहीत तरी तुम्ही सांगा:

- गेल्या महिनाभरात सर्दी, खोकला, दमा, छातीतून शिट्टीसारखा आवाज
- रात्री घोरणं, झोपेत श्वास अडकणं
- हृदयाला छिद्र किंवा इतर आजार, फिट्स, रक्त लवकर न थांबणं, कुठल्या औषधाची ॲलर्जी
- घराण्यात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का. मामाला ऑपरेशननंतर जाग यायला फार वेळ लागला होता, असं काहीही. ऐकीव असलं तरी सांगा.
- हलणारा दात. तो नळी घालताना सुटून श्वासनलिकेत जाऊ शकतो.
- गेल्या काही दिवसांत घेतलेली लस

पावसाळ्यात आपल्याकडे प्रत्येक दुसरं मूल शिंकत असतं. तारीख जाईल या भीतीने पालक सर्दी लपवतात, सकाळी औषध पाजून नाक सुकवून आणतात. असं करू नका. सर्दी झालेली श्वासनलिका चिडलेली असते, भुलीत ती एकदम आवळू शकते. काम पुढे ढकलायचं की पू आहे म्हणून काळजी घेऊन करायचं, हा तोल भूलतज्ज्ञ सांभाळतात. त्यांना खरं कळलं तरच तो सांभाळता येतो.

तपासून घ्या: दम्याचा पंप, फिट्सचं औषध त्या सकाळी द्यायचं की नाही? उत्तर कागदावर हवं.

टप्पा ५: आदली रात्र आणि उपाशी ठेवणं

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो. भुलीत गिळण्याची आणि खोकण्याची ताकद जाते. पोटात काही असेल तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून पोट रिकामं हवं. किती तास, ते पदार्थावर ठरतं:

- तळलेलं, मटण, जड जेवण: ८ तास आधी शेवटचं
- भात, पोळी, पाव, बिस्कीट, फळ, गाई-म्हशीचं दूध, पावडरचं दूध: ६ तास
- आईचं दूध: ४ तास
- साधं पाणी: २ तास

थिएटरची वेळ सकाळी आठची असेल तर: रात्री साडेआठपर्यंत साधं जेवण, वरण-भात-तूप चालेल, तळलेली मासळी नको. रात्री दोननंतर दूध नाही. अंगावर पिणारं बाळ असेल तर पहाटे चारला शेवटचं पाजा. पाणी सहापर्यंत. हे तास घरून निघायच्या वेळेपासून मोजू नका, थिएटरच्या वेळेपासून मागे मोजा.

आता आपल्याकडच्या खास चुका.

पेज म्हणजे पाणी नव्हे. पेजेचं वरचं निवळसुद्धा नव्हे. त्यात भाताचा अंश असतो, ती खाण्यात मोजली जाते. एका सकाळी एका आजीने नातवाला सात वाजता वाटीभर निवळ पाजलं होतं, मीठ घालून, "पाणीच ते" म्हणून. भूलतज्ज्ञांनी विचारल्यावर मुलाची आई गप्प बसली, पण आजीने पुढे येऊन खरं सांगितलं. काम पाच दिवसांनी ढकललं. आजी बाकावर बसून पदराने डोळे पुसत होती. मी तिच्याजवळ जाऊन सांगितलं, आजी, तुम्ही बोललात म्हणून पोरगं आज सुखरूप आहे. पाच दिवसांनी त्याचं सगळं काम नीट झालं.

दूध घातलेला चहा दुधात मोजा. शहाळ्याचं पाणी, सरबत, रस यातलं काहीही विचारल्याशिवाय नको. चॉकलेट, गोळी, च्युइंगगम खाण्यातच धरा.

पोदेर, म्हणजे दारावर येणारा पाववाला. पहाटे त्याच्या सायकलचा भोंगा वाजला की मूल उठतं आणि पोई (पाव) मागतं. त्या दिवसापुरतं पोदेराला आदल्या दिवशीच नाही म्हणून सांगा. बाकीच्यांनीही मुलासमोर नाश्ता करू नका. भावंडाच्या हातचं अर्धं बिस्कीट कधी तोंडात गेलं ते कुणाला कळतही नाही, म्हणून गाडीत, पिशवीत, खिशात खाऊ ठेवू नका.

याच्या उलट चूकही तितकीच वाईट. रात्री आठला जेवलेलं मूल सकाळी दहापर्यंत पाण्याशिवाय ठेवलं तर ते सुकतं, साखर उतरते, सलाईनसाठी शीर सापडत नाही. म्हणून पहाटे उठवून साधं पाणी पाजा. साडेपाचचा गजर लावा. इस्पितळात गेल्यावर नंबर मागे गेला तर गप्प बसू नका, नर्सला विचारा: "पाणी देऊ का?"

टप्पा ६: निघायच्या आधी

चेहऱ्याला आणि केसांना तेल लावू नका. नळी गालावर पट्टीने चिकटवतात, तेलकट गालावर पट्टी टिकत नाही. काजळ नको. नेलपॉलिश काढा, बोटाला लावायचं यंत्र नखातून रक्तातला ऑक्सिजन मोजतं. कानातलं, बांगड्या, साखळी घरी ठेवा. गळ्यातला देवाचा दोरा काढायला जीव होत नसेल तर तो काढून आईने आपल्या मनगटाला बांधावा. दात मात्र नेहमीसारखे घासा, चूळ भरून थुंकायला लावा.

संमतीपत्रावर आई किंवा बाबा यांची सही लागते. बाबा बोटीवर असतील आणि आई कामावर, तर आजोबांना पाठवून चालत नाही. आईने सुट्टी घ्यावी. बरोबर आणखी एक मोठं माणूस हवं, त्याचं कारण पुढे येईल. पिशवीत आधार कार्ड, केस पेपर, एक्स-रे, योजनेचं कार्ड, बदलायचे दोन जोड कपडे, जुना टॉवेल आणि मुलाची नेहमीची गोधडी किंवा बाहुली ठेवा.

मुलाला काय सांगायचं? खरं, त्याला कळेल अशा शब्दांत. "डॉक्टर नाकावर मास्क ठेवतील, त्याला वेगळा वास असेल. तू झोपशील. दाढेतली कीड झोपेत काढतील. उठशील तेव्हा मी असेन." "फक्त बघणार आहेत" असं सांगू नका. दार बंद होताना मुलाला कळतं की आई खोटं बोलली, आणि पुढची कित्येक वर्षं ते दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडत नाही. एरवी घरात "सुई टोचायला नेईन हं" अशी धमकी देत असाल तर ती आजपासून बंद करा.

इशारा: त्या सकाळी ताप, नवा खोकला, उलटी किंवा वाढलेली सूज दिसली तर निघायच्या आधीच दिलेल्या नंबरवर फोन करा.

टप्पा ७: आत काय होतं

लहान मुलांना बहुधा मास्कमधून झोपवतात, झोप लागल्यावर सलाईनची सुई लावतात. श्वासाची नळी बऱ्याचदा नाकातून घालतात, म्हणजे तोंड कामाला मोकळं राहतं. मग एक्स-रे, नसेची सफाई, दाढांवर स्टीलच्या कॅप, जे वाचणार नाहीत ते दात काढणं. सूज मोठी असेल तर पू वाहून जायला वाट करतात. दीड-दोन तास लागू शकतात. वेळ जास्त गेला म्हणजे काही बिघडलंच, असं समजू नका.

टप्पा ८: शुद्धीवर येताना

हे पाहून आया हादरतात, म्हणून आधीच सांगते. कित्येक मुलं उठताना अर्धा तास जोरजोरात रडतात, हातपाय झाडतात, आईला ओळखल्यासारखं करत नाहीत. ही भुलीची गुंगी आहे, ती उतरते. मोठ्याने हाका मारू नका, हलवू नका. कुशीत घ्या, हळू आवाजात बोला, उजेड कमी करायला सांगा. नाकातून थोडं रक्त, लाळेत गुलाबी रंग, घसा दुखणं, एखादी उलटी, हे होऊ शकतं.

नर्स सांगेल तेव्हा पाण्याचे घोट द्या. पोटात टिकलं की मगच पातळ खाणं. मूल नीट जागं आहे, पाणी टिकलं, रक्त थांबलं, हे पाहिल्याशिवाय घरी सोडत नाहीत. पू पसरलेला असेल तर एक-दोन दिवस सलाईनमधून औषधासाठी ठेवून घेतात. घाई करू नका.

इशारा: स्कूटरवरून नेऊ नका. गुंगीतलं मूल पुढे उभं राहू शकत नाही, मागे धरून बसू शकत नाही. गाडी करा. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मूल आणि त्याची मान सांभाळायची. दुसरं मोठं माणूस लागतं ते याचसाठी.

टप्पा ९: पहिली रात्र आणि पुढचा आठवडा

सुईची भूलही दिली असेल तर ओठ, गाल दोन-तीन तास बधिर असतात. मूल गंमत म्हणून तो चावतं आणि संध्याकाळी ओठ सुजून फुटतो. बधिरपणा जाईपर्यंत त्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवा, चावायचं खाणं देऊ नका.

दात काढला असेल तर पहिले चोवीस तास जोरात चूळ नको, स्ट्रॉने पिणं नको, बोट घालणं नको. रक्त दिसलं तर घडी केलेला स्वच्छ गॉज जागेवर ठेवून वीस-तीस मिनिटं सलग दाबून धरा. दर दोन मिनिटांनी उचलून पाहिलंत तर रक्ताची गाठ सुटते. रात्री उशीवर जुना टॉवेल घाला. लाळेत मिसळलेलं थेंबभर रक्त फार मोठं दिसतं.

खायला कोमट मऊ पेज, मुगाची खिचडी, दही-भात, कुस्करलेलं केळं. सोलकढी, लोणचं, तिखट हुमण (माशाची आमटी) दोन दिवस नको, जखमेला झोंबतं. दुखण्याचं औषध पहिला दिवसभर ठरलेल्या वेळेला द्या, दुखायची वाट पाहू नका. अँटिबायोटिक दिलं असेल तर सांगितलेले सगळे दिवस द्या.

दात घासणं दुसऱ्या दिवशी सकाळपासून, मऊ ब्रशने. दुखेल म्हणून आठवडाभर ब्रश बंद ठेवतात आणि कॅपच्या कडेने हिरड्या सुजतात. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, आणि ब्रश मोठ्या माणसाने फिरवायचा. कॅप असलेल्या दाढेखाली चिकट टॉफी, चिक्की नको, कॅप निघून येते.

लगेच फोन करा किंवा इस्पितळात जा: अर्धा तास दाबूनही रक्त थांबत नाही, परत परत उलट्या, आठ तासांत लघवी नाही, दुसऱ्या दिवसानंतरही ताप १०१ च्या वर, सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढते, श्वासाला आवाज, मूल जागं होत नाही.

टप्पा १०: जी भेट सगळे विसरतात

आठवड्याने दाखवायला बहुतेक जण येतात. तीन महिन्यांनी फारच थोडे. तोंडात दुखत नसतं, शाळा असते, बांबोळीपर्यंतची फेरी असते. पण इतके दात ज्या सवयींमुळे किडले त्या घरात तशाच असतात, आणि भुलीखाली काम झालेल्या मुलांचे उरलेले दात परत किडणं नेहमी दिसतं. काढलेल्या दाढेची जागा राखायला तार बसवायची का, तेही या भेटीत ठरतं. ती जागा बुजली तर कायमचा दात वाकडा येतो.

आधी रात्रीची दुधाची बाटली बंद करा. मुलाला झोपताना बाटली लागतेच असं असेल तर त्यात पाणी द्या. चार-पाच रात्री रडेल, मग सुटेल. दोन जेवणांच्या मध्ये बिस्कीट, गोड दूध, गोळ्या सतत चालू असतील तर गोड खाणं जेवणाबरोबर एकदाच द्या. ब्रश झाल्यावर रात्री पाण्याशिवाय काही नाही, आजीच्या हातचं खाजंसुद्धा सकाळी.

आणि तारीख घेताना तीन महिन्यांनंतरची भेट फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, शाळेच्या सुट्टीचा दिवस बघून. त्या दिवशी मूल दुखत नसताना खुर्चीत बसतं, डॉक्टर आरशाने सगळे दात मोजतात, कॅप दाखवतात. मागच्या आठवड्यात एक मुलगा असाच आला होता. सहा महिन्यांपूर्वी त्याला मास्क लावताना चौघांनी धरलं होतं. या वेळी तो स्वतःच खुर्चीवर चढला आणि आरसा हातात मागून घेऊन त्याने आपल्या चंदेरी दाढा मला एकेक करून दाखवल्या.